आधी रक्तदाब मोजा, कारण नंतर शोधा: गरोदरपणातील धोक्याची लक्षणे कशी ओळखावीत

गरोदर बाईचे डोके दुखू लागले की घरात ऊन बाधल्याची चर्चा होते, पोटाच्या वरच्या भागात कळ आली की रात्रीच्या तांबड्या रश्श्यावर ठपका येतो, चेहरा आणि हात सुजले की ‘अंग भरलंय’ म्हणून कौतुक होते, आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले की अशक्तपणा आला असेल म्हणून दूध-खजूर पुढे केला जातो. प्रत्येक तक्रारीला घरात उत्तर तयार असते आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघते. अडचण अशी की गरोदरपणात रक्तदाब वाढून होणाऱ्या गुंतागुंतीची लक्षणेही हुबेहूब अशीच असतात, आणि कोणाचे डोके उन्हाने दुखते व कोणाचे रक्तदाबाने, हे कपाळाला हात लावून अनुभवी डॉक्टरांनाही सांगता येत नाही. ते दंडाला पट्टा बांधून, आकडा पाहून आणि लघवी तपासूनच कळते. म्हणून या लेखात माझा एकच आग्रह आहे: पाचवा महिना उलटल्यानंतर पुढे दिलेल्यांपैकी कोणतीही तक्रार उद्भवली, तर आधी रक्तदाब मोजावा आणि ती कशामुळे झाली याची चर्चा त्यानंतर करावी.

हा आजार नेमका काय आहे

गरोदरपणाचे २० आठवडे, म्हणजे साधारण पाच महिने, झाल्यावर रक्तदाब पहिल्यांदाच वाढला तर त्याला गरोदरपणातील उच्च रक्तदाब म्हणतात. त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा मूत्रपिंड, यकृत, मेंदू, फुप्फुसे अथवा रक्तातील प्लेटलेट यांच्यावर परिणाम दिसू लागला, की त्या अवस्थेला प्रीएक्लॅम्प्सिया हे नाव आहे. आणि तिच्यातूनच बाईला झटके आले तर ती एक्लॅम्प्सिया. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘लघवीत प्रोटीन नाही, म्हणजे काही नाही’ असे अनेकदा ऐकू येते. परंतु लघवी स्वच्छ असतानाही प्लेटलेट घसरलेल्या किंवा यकृताला इजा झालेली असू शकते, त्यामुळे रक्तदाब वाढलेला असेल तर रक्ताच्या तपासण्याही कराव्याच लागतात.

आजाराचे मूळ वारेत, म्हणजे बाळाला आईच्या रक्तातून पोषण पुरवणाऱ्या अवयवात, असते. गर्भ रुजत असताना गर्भाशयातील बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात. त्या पुरेशा रुंदावल्या नाहीत तर वारेला रक्त कमी पडते, आणि अशी उपाशी राहिलेली वार आईच्या रक्तात काही पदार्थ सोडते, ज्यांमुळे शरीरभरातील रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते. रक्तवाहिन्या सगळीकडेच असल्यामुळे त्रासही कोठेही दिसू शकतो: मेंदूत, डोळ्यांत, यकृतात, मूत्रपिंडात, फुप्फुसांत आणि अर्थातच बाळाच्या वाढीत. हे समजून घेतले की डोकेदुखी, पोटदुखी आणि अंधारी या एकाच आजाराच्या तक्रारी कशा, याचे कोडे उलगडते. ‘फार टेन्शन घेते’, ‘चिडचिड करते’, ‘तिखट सोडत नाही’ असा दोष बाईच्या माथी मारणे किती अन्यायाचे आहे, हेही लक्षात येते. या आजाराची सुरुवात तिच्या वागण्यातून होत नाही.

पहिलटकरीण, जुळे असलेली, आधीच्या खेपेस रक्तदाब वाढलेली, पहिल्यापासून रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेली, वजन फार जास्त असलेली, पस्तिशी ओलांडलेली, तसेच जिच्या आईला किंवा बहिणीला हा त्रास झाला होता अशी बाई अधिक जोखमीत असते. आईला आणि सासूला हे प्रश्न पहिल्या तीन महिन्यांतच विचारून घ्यावेत, कारण जोखीम जास्त असेल तर डॉक्टर कमी मात्रेतील अ‍ॅस्पिरिन सुरू करतात आणि तिचा सर्वांत जास्त उपयोग ती १६ व्या आठवड्याच्या आत सुरू केली तर होतो. ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. आहारातून कॅल्शियम कमी मिळत असेल तर कॅल्शियमच्या गोळ्यांनीही धोका घटतो. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या त्या पांढऱ्या गोळ्या कपाटात साठवून ठेवण्यासाठी नसतात. यांपैकी काहीही लागू नसलेल्या निरोगी मुलीलाही हा आजार होतो, त्यामुळे ‘आमच्या घरात कुणाला नाही’ हे उत्तर पुरेसे नाही.

आकडा कसा वाचावा

वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा आकडा ९० किंवा त्याहून जास्त, यांपैकी एकही गोष्ट खरी असेल तर रक्तदाब वाढलेला आहे. ‘किंवा’ या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. १३० वर ९४ असा आकडा आला की वरचा ठीक आहे म्हणून घरचे निर्धास्त होतात, परंतु गरोदरपणात खालचा आकडा एकटा वाढला तरी तो तितकाच मोजायचा असतो. निदान करण्यासाठी डॉक्टर किमान चार तासांच्या अंतराने पुन्हा मोजतात. घरच्यांनी मात्र १४०/९० दिसताच त्याच दिवशी दवाखान्याशी संपर्क साधावा. पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये.

१६०/११० हा आकडा वेगळ्याच जातीचा आहे. वरचा १६० किंवा खालचा ११० दिसला तर १५ मिनिटांत पुन्हा मोजावे, आणि मोजता मोजताच वाहनाची व्यवस्था सुरू करावी. या पातळीवर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो आणि रुग्णालयातही तो तासाभराच्या आत खाली आणण्याचा प्रयत्न केला जातो. ‘रात्र काढू, सकाळी बघू’ हे वाक्य या आकड्यापुढे उच्चारू नये. बाईला काहीच त्रास वाटत नसेल तरीही निघावे, कारण इतका रक्तदाब असूनही अनेक बायका चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत असतात.

घरी यंत्र असेल तर ते दंडाला बांधायचे असावे. मनगटाच्या यंत्रावर विसंबू नये. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्यावा, नाहीतर आकडा खोटा वाढलेला दिसतो. मोजण्यापूर्वी लघवीला जाऊन यावे, अर्धा तास चहा घेऊ नये, आणि मिश्री लावण्याची सवय असेल तर तीही त्या वेळेत टाळावी (खरे तर गरोदरपणात ती सोडलेलीच बरी). पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, दंड उघडा करून तो हृदयाच्या उंचीवर राहील असा उशीवर टेकवावा, बोलू नये, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहावेत. डाव्या कुशीवर झोपून वरच्या हाताला पट्टा बांधला तर आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. आकडा ‘चांगला’ येईपर्यंत अशी स्थिती बदलत राहणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय. पहिल्या तपासणीला घरचे यंत्र सोबत नेऊन दवाखान्यातील यंत्राशी ताडून पाहावे, आणि यंत्राचा आकडा चांगला असला तरी लक्षणे असतील तर लक्षणांवर विश्वास ठेवावा.

लक्षणे, एकेक करून

डोकेदुखी. कपाळात किंवा डोक्याच्या मागे ठणकणारी, आडवे झाले तरी न थांबणारी, पॅरासिटामॉलच्या गोळीनेही न उतरणारी डोकेदुखी ही मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर ताण आल्याची खूण असू शकते. ज्यांना मुळातच अर्धशिशी आहे त्यांनी ‘नेहमीचीच’ म्हणण्याआधी ती खरोखर नेहमीसारखी आहे का, हे स्वतःला विचारावे: तीच बाजू, तीच वेळ, तेच स्वरूप. फरक वाटला तर रक्तदाब मोजावा. गोळीने डोके थांबले तरीही एकदा मोजावा, कारण गोळी दुखणे थांबवते, रक्तदाब नाही.

डोळे. समोर ठिपके तरंगणे, वीज चमकल्यासारखे दिसणे, धूसर किंवा दुहेरी दिसणे, दृष्टीचा एखादा भाग झाकल्यासारखा होणे, किंवा काही काळ अजिबात न दिसणे, ही सर्व गंभीर लक्षणे आहेत. उठताना क्षणभर अंधारी येणे हा प्रकार वेगळा; तो बसल्यावर जातो. बसलेल्या अवस्थेत, दिव्याच्या उजेडात, काजवे चमकत राहिले तर त्याला अशक्तपणा म्हणू नये.

पोट. या लक्षणावर मी सर्वांत जास्त शब्द खर्च करणार आहे, कारण आपल्या भागात तेच सर्वांत जास्त चुकते. कोल्हापूरच्या घरात जेवण तिखट असते, कांदा-लसूण चटणी ताटाला असतेच, आणि पित्ताची गोळी किराणा दुकानातही मिळते; त्यामुळे छातीच्या खाली, बरगड्यांच्या मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागले की पित्ताशिवाय दुसरे कारण कोणाच्या मनात येत नाही. परंतु त्याच जागी यकृत आहे. प्रीएक्लॅम्प्सियात यकृताला सूज येऊन त्याच्यावरचे आवरण ताणले जाते आणि तेथे खोल, दाबल्यासारखी, कधी पाठीत किंवा खांद्यात जाणारी कळ येते, सोबत मळमळ व उलटीही होते. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतील उलट्या समजण्यासारख्या आहेत. त्या थांबल्यानंतर सातव्या-आठव्या महिन्यात नव्याने उलट्या सुरू झाल्या तर ‘पुन्हा डोहाळे लागले’ असे समजू नये. या दुखण्यामागे कधी कधी हेल्प सिंड्रोम नावाची अवस्था असते, जिच्यात लाल पेशी फुटतात, यकृताची एन्झाइम वाढतात आणि प्लेटलेट घसरतात. क्वचित या अवस्थेत रक्तदाब फारसा वाढलेला नसतो. म्हणून उजव्या बरगडीखालची कळ आणि मळमळ असताना आकडा बरा आला तरी रक्ताची तपासणी करून घेण्याचा आग्रह धरावा. थंड दूध, जिरे-पाणी किंवा पित्ताची गोळी देऊन दोन दिवस पाहणे येथे परवडणारे नाही.

सूज. पायांवर संध्याकाळी येणारी आणि रात्री पाय उशीवर ठेवून झोपल्यावर उतरणारी सूज बहुतेक गरोदर बायकांना येते, आणि केवळ तिच्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. धोक्याची सूज चेहऱ्यावर, डोळ्यांभोवती आणि बोटांवर येते, अचानक येते, आणि सकाळी उठतानाच दिसते: अंगठी निघेनाशी होते, बांगड्या रुततात, जोडवी काचतात. आठवड्याभरात वजन दोन किलोने वाढले तर ती बाळाची वाढ नसून अंगात साठलेले पाणी असण्याची शक्यता मोठी. ओटीभरणाच्या फोटोत चेहरा ‘गोल आणि तेजस्वी’ दिसतो म्हणून सगळे कौतुक करत असतील, तेव्हा घरातील एखाद्या जाणत्या बाईने तिच्या हाताची बोटेही पाहावीत. उलट, काहीही सूज नसताना हा आजार तीव्र होऊ शकतो, हेही विसरू नये.

श्वास. पोट वाढल्यावर जिना चढताना दम लागणे वेगळे, आणि उताणे किंवा आडवे होताच गुदमरून उठून बसावे लागणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात फुप्फुसांत पाणी साठत असू शकते. ही तातडीची वेळ आहे.

लघवी कमी होणे, ती गडद चहासारखी दिसणे; अंगावरून रक्त जाणे, किंवा पोट दगडासारखे घट्ट होऊन सतत दुखत राहणे, ज्यात वार आपल्या जागेवरून सुटत असण्याची भीती असते; आणि बाईचे बोलणे असंबद्ध होणे, ही लक्षणे दिसल्यावर घरी रक्तदाब मोजत बसण्यातही वेळ घालवू नये, सरळ रुग्णालय गाठावे.

आणि बाळाची हालचाल. वारेला रक्त कमी पडत असेल तर बाळ आपली शक्ती राखू लागते आणि फिरणे कमी करते. सातवा महिना लागल्यावर रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजाव्यात. दोन तासांत १० हालचालीही जाणवल्या नाहीत, किंवा नेहमी उड्या मारणारे बाळ त्या दिवशी गप्प वाटले, तर त्याच दिवशी तपासून घ्यावे. ‘शेवटच्या महिन्यात जागा कमी असते, म्हणून बाळ फिरत नाही’ हे चुकीचे आहे.

माहेरी जाण्याआधी

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत प्रेमाची आहे. तिच्यात एक फट मात्र आहे, आणि ती नेमकी नको त्या वेळी पडते. सातव्या महिन्यात ओटीभरण होते, मुलगी इचलकरंजीहून आजऱ्याला किंवा कोल्हापूर शहरातून शाहूवाडीतील गावी जाते, डॉक्टर बदलतात, आशाताई बदलतात, आणि नव्या ठिकाणी पहिली तपासणी होईपर्यंत तीन-चार आठवडे सहज निघून जातात. प्रीएक्लॅम्प्सिया बहुधा याच काळात, शेवटच्या तिमाहीत, डोके वर काढतो. शिवाय नव्या डॉक्टरांना तिचा सुरुवातीचा रक्तदाब माहीत नसतो. पहिल्या महिन्यांत १००/६० असणारी मुलगी आता १३६/८८ वर आली, तर केवळ आजचा आकडा पाहणाऱ्याला त्यातली चढण दिसणार नाही.

म्हणून माहेरी निघताना ओटीच्या सामानाआधी पिशवीत माता व बाल संरक्षण कार्ड, सर्व सोनोग्राफीचे कागद, रक्त-लघवीचे अहवाल, चालू गोळ्या आणि रक्तदाबाची वही ठेवावी. पोहोचल्यावर आठवड्याच्या आत तेथील उपकेंद्रात किंवा दवाखान्यात नाव नोंदवून पहिली तपासणी करून घ्यावी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी केंद्रांत गरोदर मातांची तपासणी मोफत होते, तिचा लाभ घ्यावा. प्रत्येक तपासणीत रक्तदाब, वजन आणि लघवी या तिन्ही गोष्टी झाल्या का, हे बाईने किंवा सोबतच्या माणसाने पाहावे, आणि राहिल्या असतील तर नम्रपणे पण स्पष्टपणे मागाव्यात. हे विचारणे उद्धटपणा नाही.

ऊसतोडीसाठी बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून शिरोळ, हातकणंगले, कागलच्या फडात येणाऱ्या बायकांची फट याहून मोठी आहे, कारण त्यांचे कार्ड बहुतेक वेळा गावाकडेच राहते आणि हंगामाचे पाच महिने कोणाच्याही यादीत त्यांचे नाव नसते. फडात पालाची खोपी असलेली गरोदर बाई दिसली तर शेताच्या मालकाने किंवा मुकादमाने गावच्या आशाताईंना एक फोन करावा. एवढ्याने तिचा रक्तदाब कोणीतरी मोजते.

कोठे जावे, काय सांगावे

१६०/११० चा आकडा, झटका, तीव्र डोकेदुखी, अंधारी, बरगडीखालची कळ, धाप किंवा रक्तस्राव यांपैकी काहीही असेल, तर लहान प्रसूतिगृहांचे दरवाजे ठोठावत फिरण्यापेक्षा जेथे भूलतज्ज्ञ, रक्तपेढी, अतिदक्षता विभाग आणि नवजात बालकांचा विभाग यांची सोय आहे अशा रुग्णालयात जावे. कोल्हापूर शहरात सरकारी मोठे रुग्णालय म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, ज्याला आपण सीपीआर किंवा जुन्या सवयीने थोरला दवाखाना म्हणतो. इचलकरंजीत इंदिरा गांधी रुग्णालय, तर दक्षिणेकडच्या तालुक्यांसाठी गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय आहे. चंदगडहून कोल्हापूर १०० किलोमीटरहून दूर आहे, म्हणून तेथील लोक बेळगाव गाठतात, आणि ते योग्यच आहे. जिल्ह्याची हद्द पाहण्याची ही वेळ नसते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते आणि गरोदर मातेसाठी १०२ ची सोयही आहे. निघतानाच रुग्णालयात फोन करून थोडक्यात सांगावे: ‘बत्तीस आठवडे पूर्ण, पहिली खेप, बीपी एकशे सत्तर वर एकशे बारा, सकाळपासून डोकं दुखतंय, झटका आलेला नाही.’ एवढ्या एका वाक्याने पलीकडची तयारी सुरू होते. ‘तिला बरं वाटत नाही’ या वाक्याने होत नाही.

अंतर फार असेल तर वाटेतील प्राथमिक आरोग्य केंद्रावर थांबणे हिताचे ठरू शकते. झटके रोखण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट हे इंजेक्शन सर्वांत प्रभावी आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅग्पाय नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्याने एक्लॅम्प्सियाचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले. त्याचा पहिला डोस स्नायूत देऊन रुग्णाला पुढे पाठवण्याची मुभा शासनाच्या सूचनांनुसार प्रशिक्षित नर्सलाही आहे. गगनबावड्याहून कोल्हापूरपर्यंतचे सुमारे ५५ किलोमीटर आणि पावसाळी रस्ता लक्षात घेतला, तर या एका इंजेक्शनचे मोल कळेल.

पावसाळ्याचा विचार आपल्या जिल्ह्यात वेगळा करावाच लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गही पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. ज्यांची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये आहे आणि ज्यांचा रक्तदाब एकदा जरी वाढलेला आहे, त्यांनी प्रयाग चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या गावांत पाणी चढण्याची वाट न पाहता रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे आधीच मुक्काम हलवावा. जनावरे आणि धान्य हलवण्याची तयारी आपण आठवडाभर आधी करतो. गरोदर सुनेचा क्रम त्यांच्याही आधी लागतो.

झटका आला तर

झटक्यात बाईचे डोळे फिरतात, दातखीळ बसते, हातपाय ताठ होऊन आखडू लागतात आणि नंतर ती बेशुद्ध किंवा गोंधळलेली राहते. याआधी तिला कधीही फिट आलेली नसते, म्हणून घरात ‘बाहेरचं काहीतरी’ असा विषय निघतो. त्या विषयाला त्या क्षणी जागाच देऊ नये. तिला डाव्या कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला कराव्यात, तोंडाला फेस असेल तर तो बाहेर वाहू द्यावा, आणि एका माणसाने लगेच १०८ ला फोन करावा. दातांमध्ये चमचा घालू नये, तोंडात पाणी ओतू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. झटका किती वाजता आला आणि किती वेळ टिकला, हे लिहून ठेवावे. झटका थांबून ती शुद्धीवर आली तरी प्रवास रद्द करू नये, कारण दुसरा झटका येऊ शकतो.

उपचारांबद्दल घरच्यांनी काय समजून घ्यावे

लॅबेटालॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा या गोळ्या गरोदरपणात सुरक्षितपणे वापरल्या जातात. घरात सासऱ्यांसाठी आणलेली टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल मात्र तिला कधीही देऊ नये. या गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडाला इजा करतात. जी बाई गरोदर राहण्याआधीपासून अशा गोळ्या घेत असेल तिने दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना भेटून त्या बदलून घ्याव्यात. मीठ पूर्ण बंद केल्याने, केवळ झोपून राहिल्याने किंवा काढे प्यायल्याने हा आजार उतरत नाही.

गोळ्या रक्तदाब खाली ठेवतात, पण आजार बरा होण्याची सुरुवात वार बाहेर आल्यावरच होते. म्हणून ३७ आठवडे पूर्ण झाले असतील तर डॉक्टर बाळंतपण करण्याचा सल्ला देतात, आणि लक्षणे तीव्र असतील तर ३४ व्या आठवड्यानंतर, कधी त्याहीआधी, हाच निर्णय घ्यावा लागतो. ‘दिवस भरले नाहीत, अजून थांबू’ असे म्हणणाऱ्या घरच्यांची माया मी समजू शकते. परंतु ज्या पोटात वारेला रक्त मिळत नाही तेथे प्रत्येक दिवस बाळाच्या फायद्याचाच असेल असे नाही. बाळ फार लवकर येणार असेल तर त्याची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते, आणि त्यासाठी वेळ मिळावा म्हणूनच लवकर पोहोचणे महत्त्वाचे असते.

बाळंतपणानंतरचा सव्वा महिना

बाळ झाले, पेढे वाटले, की सगळ्यांचे लक्ष पाळण्याकडे जाते. परंतु बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात रक्तदाब पुन्हा चढतो, आणि हे नेमके घरी सोडल्यानंतरचे दिवस असतात. एक्लॅम्प्सियाचे झटके बाळंतपणानंतरही येतात, बहुधा पहिल्या दोन दिवसांत, पण कधी त्यानंतरही; आणि ज्या बाईचा रक्तदाब गरोदरपणात एकदाही वाढला नव्हता तिलाही ते येऊ शकतात. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडीचा धूर, रात्रीचे जागरण आणि ‘वारं लागलं’ ही डोकेदुखीची तीन कारणे कायम हाताशी असतात, म्हणून या काळात आधी पट्टा, मग कारण हा क्रम अधिकच काटेकोरपणे पाळावा. रुग्णालयातून दिलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या अंगावर दूध असतानाही चालणाऱ्याच निवडलेल्या असतात; ‘बाळाला बाधतील’ म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत. घरी आल्यानंतर पहिला आठवडाभर रोज आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा रक्तदाब मोजावा. घरभेटीला येणाऱ्या आशाताईंना बाळाचे वजन करताना आईचा रक्तदाब वाढलेला होता हे आठवणीने सांगावे, म्हणजे त्या नर्सताईंकडून मोजण्याची व्यवस्था करतील.

सव्वा महिन्यानंतर आकडा पूर्ववत झाला की नाही, याची तपासणी एकदा करून घ्यावी, कारण तीन महिन्यांनंतरही तो चढलेलाच राहिला तर तो कायमचा रक्तदाब समजून उपचार करावे लागतात. आणि बाळंतपणाचे सर्व कागद, विशेषतः कोणत्या आठवड्यात किती रक्तदाब होता याची नोंद असलेले डिस्चार्ज कार्ड, बाळाच्या जन्मदाखल्याशेजारी जपून ठेवावे. पुढच्या खेपेस दिवस गेल्याचे कळताच पहिल्या भेटीत तेच डॉक्टरांपुढे ठेवायचे आहे, म्हणजे १६ व्या आठवड्याच्या आत अ‍ॅस्पिरिनचा निर्णय घेता येईल.